टेलिप्रिंटरचा वारसा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, ताम्रपट आणि बखरी उभ्या राहतात. परंतु इतिहास नित्याच्या वापरातील वस्तूंतही दडून बसलेला असतो. संगणकाच्या कळफलकावर ओळ संपविण्यासाठी एक मोठी कळ असते. काही कळफलकांवर तिच्यावर ‘रिटर्न’ असा शब्द कोरलेला आढळतो. रिटर्न म्हणजे परत येणे. पण येथे परत येते कोण आणि कोठून? संगणकात तर जागचे हलणारे काहीच दिसत नाही. या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपल्याला दीडशे वर्षे मागे, तारायंत्राच्या खोलीत जावे लागते.

मोर्सच्या तारेत कोणते अक्षर लहान, कोणते लांब. ती वाचण्यास माणसाचा शिकलेला कान लागे. यंत्राला मात्र सर्व अक्षरे सारख्या मापाची हवी असतात. फ्रान्सच्या तार खात्यातील एमिल बोदो याने १८७४ साली नेमका हा संकेत सिद्ध केला. प्रत्येक अक्षरासाठी पाच खुणा, म्हणजे एकूण बत्तीस जुळण्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी डोनाल्ड मरे याने टंकलेखनयंत्रासारखा कळफलक जोडून या संकेताची फेरमांडणी केली. आता तारेच्या दुसऱ्या टोकाला कागदावर छापणारे यंत्र होते, तेव्हा केवळ अक्षरे पाठवून भागेना. छापणारा गाडा डावीकडे परत न्या, कागद एक ओळ वर सरकवा, अशा आज्ञाही त्याच तारेतून पाठवाव्या लागल्या. आपल्या ‘रिटर्न’चे मूळ हे आहे. येथेच एक महत्त्वाची गोष्ट घडली: मजकूर आणि मजकुराविषयीचा हुकूम एकाच प्रवाहातून वाहू लागले.

आता गणकयंत्राकडे वळू. १९५०च्या दशकात कार्यक्रम लिहिणाऱ्याने भोके पाडलेल्या पत्त्यांची चळत खिडकीत द्यावी आणि कित्येक तासांनी उत्तर घ्यावे, अशी रीत होती. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा रांगेत उभे राहणे आले. एकाच यंत्रापुढे अनेकांनी एकाच वेळी बसावे आणि यंत्राने आपला वेळ त्यांच्यात वाटून द्यावा, ही कल्पना जॉन मॅकार्थी याने १९५९ साली मांडली. फर्नांडो कोर्बातो याने १९६१ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत ती चालवून दाखविली. पण या माणसांनी यंत्राशी बोलावे कशाच्या आधारे? त्यासाठी नवे साधन घडवीत बसण्याची गरज पडली नाही. टेलिप्रिंटर आणि विजेवर चालणारी टंकलेखनयंत्रे तयारच होती. घर नवे बांधले, पण दरवाजा जुन्या वाड्याचा बसविला!

याच सुमारास, १९६३ साली, अमेरिकेत ‘आस्की’ हा संकेत ठरला. सात खुणा, १२८ जुळण्या. त्यांतील पहिल्या बत्तीस अक्षरे नव्हेत, हुकूम आहेत. सातवा क्रमांक टेलिप्रिंटरमधील खरी घंटा वाजवी. तेरावा गाडा परत आणी. दहावा कागद सरकवी. शेवटचा, १२७वा, तर मोठा मौजेचा. कागदी फितीवर पाडलेले भोक बुजविता येत नाही. म्हणून चुकलेल्या अक्षराच्या जागी सातही भोके पाडावीत आणि ती सातही भोके म्हणजे ‘हे अक्षर खोडले’ असे समजावे, असा ठराव झाला. त्याच वर्षी बाजारात आलेला टेलिटाइपचा मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे छापी. गाडा परत येण्यास एका अक्षराहून अधिक वेळ लागे. ‘गाडा परत’ आणि ‘कागद वर’ असे दोन हुकूम पाठोपाठ पाठविल्यामुळे तेवढी उसंत आपोआप मिळे.

माणूस टंकताना चुकतो. ती चूक निस्तरायची कोणी? प्रत्येक कार्यक्रमाने ती जबाबदारी घ्यावयाची म्हटली, तर प्रत्येक लेखकाला तेच काम पुनःपुन्हा करावे लागेल. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून रचलेल्या युनिक्स पद्धतीने हे काम मधल्या एका कारकुनाकडे सोपविले. आपण कळ दाबली की अक्षर प्रथम गणकयंत्राकडे जाई आणि तेथून प्रतिध्वनीसारखे परत येऊन कागदावर उमटे. गुप्त शब्द टंकताना तो उमटत नाही, कारण त्या वेळी हा प्रतिध्वनी बंद ठेवलेला असतो. ओळ पुरी होईपर्यंत कारकून ती आपल्यापाशी ठेवी. एक चिन्ह टंकले की मागचे अक्षर रद्द, दुसरे टंकले की सारी ओळ रद्द. साहेबाच्या टेबलावर जावी तशी शुद्ध प्रत तेवढी कार्यक्रमाच्या हाती पडे.

त्याहून मोठा लाभ असा झाला की, आपले बोलणे कागदावर जाते, साठवणीत जाते की दुसऱ्या कार्यक्रमाच्या कानी पडते, हे कार्यक्रमाला ठाऊक असण्याचे कारणच उरले नाही. युनिक्सने ओळीचा शेवट एकाच खुणेने दाखविला. गाडा परत आणण्याचा हुकूम तो कारकून पदरचा घाली. दुसऱ्या काही पद्धतींनी, विशेषतः पुढे घरोघरी पोचलेल्या डॉसने, दोन्ही खुणा जपल्या. गाडा कधीच भंगारात गेला, पण एका पद्धतीची फाईल दुसरीत उघडताना ओळी बिघडण्याचा ताप मागे राहिला.

१९७०च्या दशकात कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. १९७८ सालचा ‘व्ही. टी. १००’ हा त्यांतील प्रसिद्ध पडदा. त्यावर चोवीस ओळी आणि ऐंशी स्तंभ. ऐंशीच का? तर १९२८ सालच्या आय. बी. एम.च्या पत्त्यावर ऐंशी स्तंभ होते म्हणून! ती यंत्रेही आज वापरातून गेली. आता संगणकातील एक खिडकी त्यांचे सोंग वठविते आणि तिच्या पोटात ‘टी. टी. वाय.’ हे टेलिटाइपचे नाव अद्याप नांदते.

एवढ्या कथेत आपला संबंध कोठे येतो? या पडद्याचे चौकोन पाडलेले आहेत. एक अक्षर, एक घर. इंग्रजीला हे चपखल बसते. आता ‘क्षत्रिय’ हा शब्द घ्या. डोळ्याला तीन अक्षरे दिसतात. साठवणीत मात्र क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य अशा आठ खुणा असतात. याला घरे किती द्यावयाची? ‘त्रि’ नंतर खोडण्याची कळ दाबली, तर केवळ वेलांटी पुसावी की सारे जोडाक्षर? १९६३ च्या त्या ठरावात या प्रश्नाला स्थान नव्हते. त्यात दुष्टावा नव्हता. तो प्रश्न विचारणारेच बैठकीत नव्हते.

उत्तर शोधण्याचे काम आपल्याकडे झाले. कानपूरच्या आय. आय. टी.त सुरू झालेले ‘जिस्ट’ हे तंत्र पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत वाढले आणि १९९१ साली ‘इस्की’ हा भारतीय प्रमाण-संकेत मान्य झाला. त्याने आस्कीच्या १२८ जागांना धक्का न लावता वरच्या अर्ध्या भागात आपली वर्णमाला बसविली. अक्षरे दिसण्याच्या नव्हे, उच्चाराच्या क्रमाने साठवावीत, हे त्याचे सूत्र. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, पण साठवणीत आधी क. जगभर चालणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर उभी आहे. आज पत्रे, वृत्तपत्रे, दूरध्वनीवरील निरोप सारे तिच्यावर चालते. तथापि कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या त्या काळ्या खिडकीत मराठी शब्द अजूनही पुष्कळदा विस्कटतो, कारण तेथे चौकोनांचे राज्य आहे.

यंत्रे मोडीत निघतात, पण यंत्रांसाठी केलेले करार टिकतात. गाडा गेला, त्याचा हुकूम राहिला. फीत गेली, तिची सात भोके राहिली. म्हणून नवा करार होत असताना त्या बैठकीत आपल्या भाषेची खुर्ची रिकामी राहता कामा नये. एकदा ठरलेला चौकोन मागाहून वाढवून घेणे किती कष्टाचे असते, हे आपली जोडाक्षरे आज सोसत आहेत.