जर्मन गोवर आणि गर्भांतील बालक

इ. स. १९४१ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं नॉर्मन ग्रेग या नेत्रवैद्याकडे एकामागून एक अशीं तान्हीं मुलें येऊं लागलीं कीं, ज्यांच्या डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू होता. मोतीबिंदू हा म्हातारपणाचा सोबती. तो पाळण्यांतल्या बाळास व्हावा हें विरळा. असें क्वचित् घडलें म्हणजे वैद्य आनुवंशिक दोषाकडे बोट दाखवीत. परंतु परस्परांशीं कसलेंही नातें नसलेल्या इतक्या कुटुंबांत एकच दोष एकाच सुमारास कसा उपजावा? शिवाय हीं मुलें अशक्त होतीं, दूध पितांना त्यांना कष्ट पडत, आणि पुष्कळांच्या हृदयांतही व्यंग आढळे.

ग्रेगनें जन्माच्या तारखांवरून मागें हिशेब मांडला, तो १९४० सालच्या जर्मन गोवराच्या मोठ्या साथीशीं जाऊन भिडला. हा गोवर नेहमींच्या गोवराहून निराळा व फारच सौम्य. थोडा ताप, अंगावर पुरळ, मानेमागें गांठी. तीनचार दिवसांत बाई कामाला लागते आणि दुखणें विसरूनही जाते. दोन माता आपसांत बोलत असतां हा धागा ग्रेगच्या कानीं पडला असें सांगतात. तें कसेंही असो. त्यानें मातांना विचारलें आणि त्यांचें सांगणें खरें मानलें, यांतच त्याचें मोठेपण आहे. १५ ऑक्टोबर १९४१ रोजीं मेलबोर्न येथें नेत्रवैद्यांच्या सभेंत त्यानें ७८ मुलांची हकीकत मांडली. त्यांपैकीं ६८ मुलांच्या मातांस गरोदरपणीं, बहुधा अगदीं आरंभींच्या महिन्यांत, जर्मन गोवर येऊन गेला होता.

उपदंश आईकडून गर्भास लागतो हें वैद्यांस पूर्वींच ठाऊक होतें. पण इतकें क्षुल्लक दुखणें बाळाचे डोळे नेईल, हें पुष्कळांस पटेना. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रानें १९४४ सालींही शंकाच घेतली. तिकडे दक्षिण ऑस्ट्रेलियांत चार्ल्स स्वॅन यानें १९४३ सालीं ग्रेगच्या म्हणण्यास पुष्टि दिली, आणि अशा मुलांच्या बहिरेपणाकडेही लक्ष वेधलें.

याचें कारण आतां स्पष्ट झालें आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे डोळे, कान, हृदय घडत असतात. रोगाचा विषाणु वारेंतून पलीकडे जाऊन नेमका त्या घडणीवर घाला घालतो. अगदीं आरंभीं संसर्ग झाल्यास दहांपैकीं नऊ बालकांपर्यंत हानि पोहोंचूं शकते. पांचव्या महिन्यानंतर धोका पुष्कळच उतरतो. महाराष्ट्रांत अशा मुलाच्या आईला ग्रहणांत भाजी चिरल्याचा दोष लागत आला आहे. त्या बिचारीनें विळीला हातही लावलेला नसे.

हा विषाणु १९६२ सालीं हातीं लागला. पुढें १९६४-६५ च्या साथीनें अमेरिकेंत सुमारें २०,००० बालकें जन्मतः पीडित झालीं, आणि १९६९ सालीं तेथें लस आली. ही लस गरोदरपणीं देत नाहींत. ती त्यापूर्वींच टोंचून घ्यावी लागते. भारतांत गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१७ सालीं, व महाराष्ट्रांत नोव्हेंबर २०१८ मध्यें सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलींबरोबर मुलांसही ती टोंचली, याचें ऐकणारास नवल वाटेल. पण शाळेंतून हा रोग घेऊन येणारा, आणि घरांतल्या गरोदर काकीच्या मांडीवर डोकें ठेवून निजणारा, पुष्कळदां मुलगाच असतो.