उत्तराचा हक्क : एकोणिसाव्या शतकातील वैयक्तिक लेखन आणि वादाची सभ्यता

एका व्यक्तीने स्वतःच्या मतासाठी, स्वतःच्या सवडीने आणि जवळजवळ एकहाती चालवलेले नियतकालिक ही मराठी लेखनव्यवहारातील जुनी गोष्ट आहे. जानेवारी १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेली 'निबंधमाला' ८४ अंकांपर्यंत चालली, आणि तिचा बहुतेक मजकूर चिपळूणकरांचाच होता. विषय कोणता घ्यावा, कोणाचा परामर्श घ्यावा, किती विस्तार करावा, हे ठरविणारा अधिकारी तेथे लेखकाखेरीज दुसरा नव्हता. या स्वातंत्र्यातून मराठी निबंधाला आत्मविश्वासाचा एक नवा सूर लाभला, हे वाङ्मयेतिहासाने वारंवार नोंदविले आहे. परंतु ज्याच्यावर कोणाचेही बंधन नाही असा लेखक ज्यांच्याविषयी लिहितो, त्यांच्याशी त्याचे नाते काय असावे, हा प्रश्न मात्र 'शैली'च्या सदराखाली झाकला गेला. कठोर उपरोध हा शैलीचा गुण ठरला. त्या उपरोधाचे लक्ष्य झालेल्या माणसाला बोलण्यास जागा होती की नाही, याची विचारपूस समीक्षेने फारशी केली नाही.

या प्रश्नाचा मागोवा 'निबंधमाले'च्या आधीपासून घ्यावा लागतो. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात १८४८ पासून गोपाळ हरी देशमुखांची पत्रे 'लोकहितवादी' या नावाने प्रसिद्ध होऊ लागली. १०८ पत्रांची ही मालिका 'शतपत्रे' म्हणून ओळखली जाते. लेखक सरकारी नोकरीत होता आणि स्वजातीच्या आचारविचारांवर प्रहार करीत होता. टोपणनावाची गरज उघड आहे. तथापि टोपणनाव म्हणजे बेजबाबदारीचा परवाना नव्हे, हे या पत्रांच्या रोखावरून दिसते. त्यांचा रोख बव्हंशी संस्था, रूढी आणि वर्ग यांच्यावर आहे. एखाद्या खाजगी माणसाला ओळखू येईल अशा रीतीने चव्हाट्यावर आणणे हा त्यांचा हेतू नाही. शिवाय हे लेखन पत्ररूप आहे. दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात पाठविलेले पत्र स्वभावतःच प्रत्युत्तराला वाट ठेवते, कारण ज्या पानावर ते छापले जाते ते पान पत्रलेखकाच्या मालकीचे नसते.

'निबंधमाले'त ही स्थिती पालटली. पान, मत आणि निवाडा ही तिन्ही एकाच हाती आली. चिपळूणकरांनी लोकहितवादींच्या मतांचा जो प्रदीर्घ समाचार घेतला, त्यात तीन दशकांपूर्वीचा मजकूर आणि त्यामागील व्यक्ती यांच्यातील सीमारेषा अनेकदा पुसट होते. तरीही लोकहितवादी हे पदवीने, प्रतिष्ठेने आणि लेखणीने समर्थ होते. हा वाद काही अंशी तरी बरोबरीच्यांचा होता. जोतीराव फुल्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ चा. सत्यशोधक समाजाची स्थापनाही त्याच वर्षीची. चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनाची जी थट्टा केली, तिचा मोठा भाग भाषेच्या अशुद्धतेवर, व्याकरणावर आणि लेखकाच्या विद्वत्तेवर रोखलेला आहे. प्रतिपाद्याचे खंडन करण्यापूर्वीच प्रतिपादकाचा बोलण्याचा अधिकार रद्द ठरविण्याची ही रीत होती. येथे प्रश्न कडक शब्दांचा नाही. फुल्यांची भाषाही सौम्य नव्हती, आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. प्रश्न असा की, शुद्ध भाषा हीच संवादात प्रवेश मिळविण्याची अट केली, तर ज्यांना ती भाषा शिकू दिली गेली नाही त्यांचे गाऱ्हाणे कोणत्या भाषेत मांडले जाणार होते?

या संदर्भात 'गुलामगिरी'चे रूप लक्षात घेण्याजोगे आहे. तो ग्रंथ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. शंका विचारणाऱ्याला मजकुरातच स्थान देणारी ही रचना आणि 'निबंधमाले'तील एकमुखी निबंध यांची तुलना केल्यास, संवादाची सभ्यता आणि भाषेची सफाई या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे स्पष्ट होते. पुढे १८८५ मध्ये पुण्याच्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांकडून आले असता फुल्यांनी ते पत्राने नाकारले. ज्या मंडळींच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्याशी आपले मिळणे अशक्य, हा त्या नकाराचा आशय. नकाराचे हे पत्र 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. सभ्यतेने बोलावणे आले म्हणजे समतेने बोलावणे आले असे होत नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

ताराबाई शिंद्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडते. १८८१ मधील सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर स्त्रियांच्या नीतीविषयी वृत्तपत्रांतून जो मजकूर येऊ लागला, त्याला हे उत्तर होते. दुसऱ्यांच्या खाजगी आयुष्यावर पुरुष लेखकांनी मते द्यावीत, आणि जिच्याविषयी ती दिली जातात तिने मात्र ऐकून घ्यावे, ही व्यवस्था ताराबाईंनी मोडली. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रागासह त्या बोलल्या. १८८५ मध्ये 'सत्सार'मधून फुल्यांनी त्यांचा कैवार घेतला. तथापि ताराबाईंचे दुसरे पुस्तक आज उपलब्ध नाही. उत्तर देण्याचे साहस एकदा केले म्हणजे जागा कायमची मिळते असे नाही.

खाजगी पत्रांचा जाहीर उपयोग किती जोखमीचा असतो, याचा धडा 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांना पहिल्या दोन वर्षांतच मिळाला. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी लिहिताना कारभारी माधवराव बर्वे यांच्या म्हणून समजल्या गेलेल्या पत्रांवर संपादकांनी विसंबून राहिले. ती पत्रे बनावट ठरली. दिलगिरी व्यक्त करूनही टिळक आणि आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली; प्रत्यक्षात १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू लोकहिताचा होता, आणि लोकमतही त्यांच्याच बाजूने होते. पण हेतूची शुद्धता ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

या प्रसंगावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले. वृत्तपत्रीय 'आम्ही' हे सर्वनाम त्या काळी संपादकाच्या अधिकाराचे चिन्ह होते. लेखक एक, पण बोलणारा जणू समाज! या पुस्तकाच्या शीर्षकातील 'आमचे' मात्र खऱ्याखुऱ्या दोन माणसांचे आहे. अधिकाराचे अनेकवचन येथे सोबतीचे अनेकवचन झाले आहे.

ते अनेकवचन फार काळ टिकले नाही. १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढले. संमतिवयाच्या कायद्यासारख्या प्रश्नांवर दोन्ही पत्रे एकमेकांसमोर उभी राहिली, आणि वाद मतांवरून माणसांवर घसरला. सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ही घटना सर्वश्रुत आहे. तरीही या वादात एक गोष्ट होती, जी फुल्यांच्या वाट्याला 'निबंधमाले'त आली नाही : दोघांच्याही हाती छापखाना होता, आणि दोघांचाही वाचक दुसऱ्याचे उत्तर वाचू शकत होता. जून १८९५ मध्ये आगरकर वारले, तेव्हा 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिणारे टिळकच होते. मतभेद न लपविता जुन्या स्नेहाची कबुली देणारा तो लेख वाचताना जाणवते, की प्रतिपक्षी हा आधी माणूस होता याचे भान वादात हरवते, पण कायमचे नाहीसे होतेच असे नाही. मात्र ते भान मृत्यूपर्यंत थांबले, याचे दुःख त्या लेखाने भरून येत नाही.

मराठी वाङ्मयेतिहासाने या साऱ्या लेखनाकडे मुख्यतः गद्याच्या विकासाचे टप्पे म्हणून पाहिले. त्या दृष्टीत 'निबंधमाले'चा उपरोध हा पल्ला ठरतो आणि फुल्यांचे अथवा ताराबाईंचे गद्य ओबडधोबड ठरते. लेखनाकडे नात्यांचा व्यवहार म्हणून पाहिले, तर मोजमाप बदलते. कोणी कोणाला नावाने संबोधले, कोणाचे खाजगी जीवन कोणाच्या परवानगीने उघड झाले, चूक झाल्यावर ती मान्य केली की नाही, आणि मुख्य म्हणजे ज्याच्यावर टीका झाली त्याला त्याच वाचकांपुढे येण्याची वाट होती काय, हे प्रश्न मग शैलीच्या बाहेरचे राहत नाहीत. ते शैलीचाच अर्थ ठरवितात.

लिहिणे आणि प्रसिद्ध होणे यांतील अंतर आज जवळजवळ मिटले आहे. प्रत्येक लिहिणाऱ्याच्या हाती स्वतःची 'माला' आली आहे, आणि तिच्यासोबत चिपळूणकरांचा एकहाती अधिकारही. अशा वेळी गोड बोलण्याचे नियम घालून सभ्यता निर्माण होणार नाही. फुले आणि ताराबाई गोड बोलले असते तर ऐकूही आले नसते. आपल्या पानावर ज्याला आपण दोषी ठरविले, त्याच्या उत्तरासाठी त्याच पानावर जागा राखणे, ही त्या शतकाने अर्धवट सोडलेली सभ्यता आहे.