नाडीचा ताल आणि घरच्यांची साक्ष

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं शहागड गोदावरीच्या काठावर वसलं आहे. धुळे-सोलापूर महामार्ग इथे नदी ओलांडून बीड जिल्ह्यात उतरतो. हृदयरोगतज्ज्ञ गाठायचा तर जालना, बीड नाहीतर छत्रपती संभाजीनगर. म्हणजे निदान तासाभराची वाट. तेवढ्या वेळात बिघडलेले ठोके पुष्कळदा आपोआप ताळ्यावर येतात, ईसीजी निर्दोष निघतो आणि माणूस ‘काही नाही’ ऐकून परततो. म्हणून ठोक्यांच्या विकारात झटका चालू असताना घरच्यांनी काय पाहिलं, याला तपासणीइतकंच मोल आहे.

अडचण शब्दांपासून सुरू होते. ‘माझे ठोके अनियमित आहेत’ असं कुणी सांगत नाही. जीव घाबरा झाला, छातीत फडफडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, हातापायांतलं बळ गेलं, असंच सांगितलं जातं. ऐकणारा त्याला पित्त, ऊन किंवा अशक्तपणा म्हणून मोकळा होतो. या तक्रारी वेगळ्या करायच्या तर तीन गोष्टी पाहाव्यात: ठोक्यांचा वेग, त्यांचा ताल, आणि झटका कसा सुरू झाला व कसा थांबला.

ताप, रक्तक्षय, भीती किंवा श्रम यांनी वाढलेली धडधड हळूहळू चढते, हळूहळू उतरते आणि तालात असते. बटण दाबल्यासारखी एकाएकी सुरू होऊन तशीच एकाएकी थांबणारी, मिनिटाला 150 ते 220 ठोक्यांची तालबद्ध धडधड मात्र हृदयातल्या विजेच्या वाटेचा दोष सुचवते. झटक्यानंतर भरपूर लघवी झाली, हा तपशील रुग्ण सहसा सांगत नाही, मुद्दाम विचारावा. ‘ठोका चुकला’ ही तक्रार सर्वांत जास्त आढळते. खरं तर तिथे एक ठोका वेळेआधी पडतो, मग विराम येतो आणि पुढचा जोरदार ठोका छातीत जाणवतो. हृदय एरवी निरोगी असेल तर हे बहुधा निरुपद्रवी असतं. तरुणांची नाडी श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना मंद होते, तेही स्वाभाविकच.

मला जास्त काळजी वाटते ती आलिंदकंपाची. त्यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि नाडीला कसलाच ताल उरत नाही. अनेकांना धडधड जाणवतही नाही; दम लागतो, थकवा येतो आणि ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिलं जातं. काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे छातीवर मोजलेला आकडा मनगटावरच्या आकड्यापेक्षा जास्त भरतो. लहानपणी घसा आणि सांधे सुजून संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली असेल, तर हा विकार ऐन तरुणपणीही गाठतो. बाईला तो पहिल्यांदा गरोदरपणातल्या दम्यासारखा भासू शकतो. थरथरत्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली, की तोंड वाकडं होतं, एक बाजू लुळी पडते. कित्येकदा विकाराची पहिली ओळख तिथेच होते, आणि ती फार उशिराची असते.

मंद नाडीची गफलत वेगळीच. हृदयातला विजेचा संदेश अडला की म्हातारं माणूस उभ्या उभ्या कोसळतं, चेहरा पांढराफटक पडतो, हातपाय झटकले जातात. शुद्ध येताना चेहरा लालसर होतो. घरचे मिरगी समजून कांदा हुंगवतात. त्याआधी मनगट धरावं. नाडी चाळिशीच्या आत असेल तर दुखणं हृदयाचं असू शकतं.

काही वेळा मूळ हृदयाबाहेर असतं. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बिया पोटात गेल्या की आधी उलट्या होतात, मग नाडी मंदावते आणि बिघडते. उलट्या थांबल्या म्हणून निर्धास्त होऊ नये. लाल विंचवाच्या दंशाचंही असंच. याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमधल्या अनुभवावरून उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही हृदयावरच्या संकटाची पूर्वलक्षणं असल्याचं 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. लक्षणांचं बारकाईने केलेलं निरीक्षण काय करू शकतं, याचं याहून जवळचं उदाहरण आपल्याला नाही.

नाडी पाहायची तर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर बेताल नाडीत आकडा फसतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर किंवा रक्तदाबाचं यंत्रही अशा वेळी चुकू शकतं. धडधडीसोबत बेशुद्धी, छातीत दुखणं, दम किंवा लुळेपणा असेल, किंवा धावताना कुणी कोसळलं, तर 108 ला फोन करायचा. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वासही घेत नसेल, तर छातीच्या मधोमध जोरात, जलद दाब द्यायला लागायचं.

एरवी कागदावर लिहून ठेवावं: किती वाजता सुरू झालं, काय करत असताना, मिनिटाला किती ठोके, तालात की बेताल, कसं थांबलं, कोणती औषधं चालू आहेत. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं.