परमुलखातील एक न्यायाधीश व पंढरपूरचा बालकाश्रम

पंढरीची वारी हे महाराष्ट्राचे भूषण होय. परंतु त्याच क्षेत्री, यात्रेच्या गर्दीच्या आडोशाने, एकोणिसाव्या शतकात नवजात अर्भके टाकून दिली जात, ही गोष्ट आपण सहसा आठवीत नाही.

इ. स. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध ठरला. रूढीने मात्र त्यास मान्यता दिली नाही. बालविधवेस दिवस गेले, तर लोकापवाद, आत्मघात वा बालहत्या एवढेच मार्ग तिच्यापुढे उरत. पुण्यात महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अशा स्त्रीने गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल तेथेच ठेवून जावे अथवा बरोबर न्यावे, अशी मुभा तेथे होती. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने स्वतः दत्तक घेतला. तेच पुढे डॉक्टर झालेले यशवंतराव.

याच वाटेने १८७५ मध्ये पंढरपुरास अनाथ अर्भकांचा आश्रम निघाला. त्याचे प्रवर्तक लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ, पंढरपुरी न्यायाधीश म्हणून नेमलेले. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचा आधार या कार्यास लाभला, आणि समाजाचे एक आद्य सभासद वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव पुढे आश्रमास देण्यात आले. स्थापनेस वर्ष होते न होते तोच १८७६–७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. कुटुंबेच्या कुटुंबे देशोधडीस लागली. अनाथ मुलांचा प्रश्न मग केवळ विधवांपुरता राहिला नाही.

लालशंकर पुढे अहमदाबादेस गेले, तरी आश्रम बंद पडला नाही. मुंबई प्रार्थनासमाजाने तो चालविला. १८९२ साली अहमदाबादेतही त्यांनी अनाथाश्रम काढला व त्यास समाजसुधारक महीपतराम रूपराम यांचे नाव दिले. चंद्रभागेतीरी सुरू केलेले काम असे साबरमतीकाठी पोहोचले.

आपणांपैकी अनेकांस बदलीचे आयुष्य परिचयाचे आहे. बदलीच्या गावी माणूस बहुधा पाहुण्यासारखा राहतो. तेथील दुःख हे तेथल्यांचे, असे मानून चालतो. लालशंकरांची मातृभाषा पंढरपूरची नव्हती आणि गावाने टाकलेल्या लेकरांची जबाबदारी त्यांच्या नेमणूकपत्रात लिहिलेली नव्हती. तरीही ती त्यांनी आपली मानली.

सुवर्णमहोत्सवी वर्षी मंडळाने गणेशोत्सव, नाटके व ग्रंथालय यांचा हिशेब अभिमानाने मांडावा. तो अभिमान सार्थच आहे. त्या जमाखर्चात आणखी एक रकाना असावा, एवढेच सुचवावेसे वाटते. ज्या नगरीने आपल्याला पन्नास वर्षे अन्न दिले, तिच्या फलाटांवर निजणाऱ्या किती मुलांना आपल्या मंडळाचे दार ठाऊक आहे? एका गुजराती न्यायाधीशाचे महाराष्ट्रावर जे ऋण आहे, ते महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपण मराठी माणसांनीच फेडणे उचित होय.