उपाशी कारागिरांचे गाव

प्राचीन नगरांविषयीची नवलाची माहिती ऐकण्याची हौस कोणाला नसते? खुफूच्या पिरॅमिडला सुमारे २३ लाख दगड लागले, रोमच्या कलोसियममध्ये ५० हजार माणसे मावत, पर्सेपोलिसच्या दरबारी दालनाचे खांब जवळजवळ २० मीटर उंच होते, असे आकडे आपण चवीने वाचतो आणि मुलांना पाठ करावयास लावतो. आम्हांलाही त्यांचे वेड आहे. परंतु आमचा जन्म कामगार चळवळीत गेल्यामुळे एक वाईट खोड जडली आहे. असा आकडा ऐकला की आमच्या तोंडून निघून जाते, “हे सारे खरे, पण त्या लोकांना पगार काय होता, आणि तो वेळेवर मिळत होता काय?”

या प्रश्नाला बहुतेक नगरे उत्तर देत नाहीत. राजाचे नाव दगडावर राहते. पाथरवटाचे नाव वाऱ्यावर जाते. मात्र इजिप्तमधील एक लहानसे गाव याला अपवाद आहे, आणि आज आपणांस तेथेच घेऊन जावयाचे आम्ही ठरविले आहे.

नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर शहरासमोर, उघड्याबोडक्या डोंगरांच्या बेचक्यात हे गाव आहे. आज त्याला दैर अल-मदीना म्हणतात. तेथे राहणारे लोक त्याला नुसते ‘गाव’ म्हणत. तटाच्या आत सुमारे ६८ घरे, साधारणतः चार खोल्या एकामागोमाग एक, मधून एक चिंचोळी वाट. इ. स. पूर्व १५०० च्या सुमारास ते वसले आणि सुमारे सव्वाचारशे वर्षे नांदले. राजांच्या दरीत फारोंची भुयारी थडगी खोदावयाची, त्यांच्या भिंती चितारावयाच्या, हा येथील पिढीजात धंदा. आपण चित्रांतून पाहतो ती सारी रंगीत दालने याच गावच्या माणसांच्या हातची.

कामाची पद्धत ऐकाल तर आपल्या कारखान्यांची आठवण येईल. टोळीचे दोन भाग असत, उजवा आणि डावा. प्रत्येकावर एक मुकादम आणि हिशेबाला लेखनिक. आठ दिवस काम आणि दोन दिवस सुटी. तांब्याची छिन्नी कारागिराच्या हाती द्यावयाची ती वजन करून, आणि परत घ्यावयाची तीही वजन करून. भुयारात जाळावयाच्या वातीसुद्धा मोजून दिल्या जात. हजेरीची नोंद होई. दुसऱ्या रामेसिसच्या ४० व्या वर्षाचे एक हजेरीपत्रक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चुनखडीच्या कपचीवर सुमारे ४० नावे, त्यांपुढे गैरहजेरीच्या तारखा आणि वर तांबड्या शाईने कारणे. कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आले, कोणी घरच्या माणसाच्या उत्तरक्रियेत गुंतला, तर कोणी घरी बिअर गाळीत बसला! सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मस्टरवर कोणत्याही टाइमकीपरला डोळे मिटून सही करता येईल.

पगार धान्याचा. नाणे अजून जन्मास आले नव्हते. साध्या कारागिराला महिन्याला सुमारे ३०० लिटर गहू भाकरीसाठी आणि सुमारे ११५ लिटर जव बिअरसाठी मिळत. हा गहू म्हणजे आपण जिला खपली म्हणतो तीच जात. मासळी, भाजी, सरपण आणि पाणीसुद्धा बाहेरून येई, कारण त्या डोंगरात हिरवे पानही उगवत नाही. सरकारी शिधा थांबला की चूल थांबली, असा हा मामला होता.

तिसऱ्या रामेसिसच्या कारकिर्दीत नेमके तेच घडले. समुद्राकडून आलेल्या टोळ्यांशी आणि लिबियनांशी या राजाने मोठ्या लढाया मारल्या होत्या. देवस्थानांना त्याने दिलेल्या देणग्यांची यादी ४० मीटरहून लांब पपायरसवर आजही पाहावयास मिळते. पण २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, राज्यारोहणाच्या ३० व्या वर्षाचा महोत्सव तोंडावर आला असता, त्याचेच थडगे खोदणाऱ्यांच्या घरी दाणा नव्हता. महिन्याचे अठरा दिवस उलटून गेले, आम्ही भुकेले आहो, असे म्हणत एके दिवशी सारी टोळी हत्यारे ठेवून निघाली. स्मशानभूमीच्या पाच चौक्या ओलांडून ती खाली उतरली आणि तिसऱ्या थुटमोसच्या देवळामागे जाऊन बसली. लिखित पुराव्याने ठाऊक असलेला जगातील पहिला संप तो हाच.

आपल्याकडे सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसत असे. येथे ऋणको प्रत्यक्ष राजा होता, आणि धान्याची कोठारे देवळांच्या आवारात होती. म्हणून कामगार देवळापुढे बसले. दुसऱ्या दिवशी ते रामेसियमच्या दाराशी गेले, तिसऱ्या दिवशी आत शिरले. तहानभुकेने आम्हांला येथे आणले आहे, अंगावर वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला आणि वजिराला कळवा, एवढीच त्यांची मागणी. त्या दिवशी मागील महिन्याचा शिधा मिळाला. मग चालू महिन्यासाठी ते पुन्हा बसले! पोलिसांचा प्रमुख मेंतुमोसे याने तर त्यांना सल्ला दिला की, घरांना कड्या लावा, बायकामुले बरोबर घ्या, मी तुमच्या पुढे चालतो. पुढे वजिराचा निरोप आला तो असा की कोठारेच रिकामी आहेत. आणि मिळाला तो अर्धा शिधा. त्यानंतरही संप होतच राहिले.

हे सारे आपल्याला कसे कळले? गावचा लेखनिक अमेन्नख्त याच्यामुळे. ज्या पपायरसवर हा वृत्तान्त आहे, तो आज इटलीत तुरीन येथे असून बहुधा याच्याच हातचा आहे. हा मनुष्य काही संपवाल्यांचा पुढारी नव्हे. खाली नदीकाठी तक्रार घेऊन जाल तर कोणत्याही न्यायासनापुढे तुम्हांला दोषी ठरवीन, अशी त्याने एकदा धमकीही दिली होती, आणि तीही कागदावर आहे. त्याने तारीख, वार्ता, बोलणे लिहून ठेवले, एवढेच. गावाशेजारी पाण्याच्या आशेने सुमारे ५० मीटर खोल खड्डा खणला होता. त्याला पाणी लागले नाही. पुढे तो केरकचऱ्याने बुजला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच संशोधकांनी तो उपसला तेव्हा लिहिलेल्या सुमारे ५ हजार कपच्या आणि खापऱ्या निघाल्या. पत्रे, हिशेब, उसनवाऱ्या, भांडणे. त्या कोरड्या विहिरीने इतिहासाची तहान भागविली.

येथे आम्हांला आमच्याच एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेची कचेरी लहान जागेत हलवावी लागली. जुन्या सभासदांच्या वह्या, सभांची इतिवृत्ते, संपकाळातल्या शिधावाटपाच्या याद्या यांनी दोन कपाटे भरली होती. आम्हीच सांगितले, द्या रद्दीवाल्याला. पुढे एका मयत कामगाराची पत्नी दारात आली. नवऱ्याने किती वर्षे नोकरी केली याचा पुरावा तिला हवा होता, कारण मालकाकडील कागद गहाळ होते. तो पुरावा आमच्या वह्यांत होता, आणि त्या वह्या आम्ही किलोच्या भावाने विकल्या होत्या. ती बाई काही बोलली नाही. चहा घेतला आणि गेली.

अमेन्नख्त आपल्या कामगारांना धमकावीत होता, आम्ही आमच्या कामगारांसाठी भांडत होतो. पण नोंद त्याने ठेवली आणि आम्ही ती विकली. फारोचे थडगे चोरांनी लुटले, गाव ओस पडले, तरी त्या भुकेल्या माणसांचा दावा अजून वाचता येतो.

म्हणून, श्रोतेहो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. माळ्यावर वडिलांचा बिल्ला, आजोबांचे पगारपत्रक, आईच्या हातची दुकानाची वही पडली असेल, तर ती खाली काढा, धूळ झटका, आणि कोणाची, कोठली, कोणत्या सालची, हे मागे लिहून ठेवा.