७ डिसेंबर : सशस्त्र सेना ध्वजदिन

१९४९ साली आजच्या दिवशी देशात पहिला ध्वजदिन पाळला गेला. खिशाला टाचणीने लावायच्या त्या इवल्या कागदी झेंड्यावर लाल, गडद निळा आणि आकाशी असे तीन पट्टे असतात. भूदल, नौदल आणि हवाईदलाचे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात या झेंड्यांच्या बदल्यात जमणाऱ्या ध्वजदिन निधीचे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे आहे. निधी संकलनाच्या शुभारंभाचे फोटो छापून येतात. खरा व्याप मात्र बारमाही. रिसोड-मानोऱ्याकडून आलेल्या एखाद्या आजींचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, माजी सैनिकाच्या मुलीची शिष्यवृत्ती, डिस्चार्ज बुकात चुकलेले नावातले एक अक्षर. झेंडा संध्याकाळी शर्टाबरोबर धुण्यात जातो, ते वेगळेच!