व्यायामशाळेतील आवाज : किती सोसावा, कोठे थांबवावा?

व्यायामशाळेत कसे वागावे, याविषयीचे बहुतेक नियम वादातीत आहेत. बाकावरचा घाम आपल्या नॅपकिनने पुसावा, वापरलेले डंबेल जागच्या जागी ठेवावेत, दोन सेटच्या मध्ये बाक अडवून मोबाइल चाळत बसू नये, हे कोणालाही पटते. पाळले जात नाही, ही गोष्ट निराळी. आवाजाच्या बाबतीत मात्र असे एकमत नाही. जड वजन उचलताना तोंडून निघणारा हुंकार, सेट संपताना ठोकलेली आरोळी आणि पाठोपाठ जमिनीवर आदळणारे लोखंड, यांपैकी काय सोसावे आणि कशाला हरकत घ्यावी, यावरून एकाच बॅचमधील दोन माणसे हमरीतुमरीवर येतात. एकाच्या मते तो निव्वळ आडदांडपणा असतो, तर दुसऱ्याच्या मते घाम गाळण्याच्या जागी शांतता मागणे हाच कांगावा असतो.

या वादाला मोठी प्रसिद्धी मिळवून देणारी घटना नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत घडली. न्यूयॉर्क राज्यातील वॉपिंगर्स फॉल्स या गावी 'प्लॅनेट फिटनेस' या साखळीच्या व्यायामशाळेत तुरुंग खात्यातील एक कर्मचारी ५०० पौंडांचे, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलोंचे वजन खांद्यांवर घेऊन बैठका मारीत होता. व्यवस्थापनाने त्याच्या कण्हण्यास हरकत घेतली. आपण कण्हत नसून केवळ जोराने श्वास घेत होतो, असे त्याचे म्हणणे होते. बोलाचाली वाढली, पोलीस आले, त्याला बाहेर नेण्यात आले आणि त्याचे सदस्यत्वही गेले. या साखळीच्या शाखांमध्ये भिंतीवर एक भोंगा बसविलेला असतो. कोणी मोठ्याने कण्हला किंवा वजन आपटले, की भोंगा वाजतो आणि सोबतचा दिवा फिरू लागतो. त्याचे नावच मुळी 'लंक अलार्म', म्हणजे दांडगटांसाठीचा भोंगा! एका माणसाच्या हुंकाराने इतरांना त्रास होतो म्हणून सर्वांच्या कानठळ्या बसविणारा भोंगा वाजवायचा, यातील विनोद चालकांच्या लक्षात आला नसावा.

तरीही त्यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आयुष्यात कधी व्यायाम न केलेला, वजन वाढलेला, आपल्याकडे सगळे पाहत आहेत या भीतीने दारातूनच परतणारा माणूस हा त्यांचा ग्राहक आहे. अशा माणसाला कोपऱ्यातल्या गर्जना ऐकून धडकी भरते, हे खरेच आहे. आज या साखळीच्या दोन हजारांहून अधिक शाखा आहेत आणि बहुतेक शाखांत मोकळा रॉड ठेवलेलाच नसतो. त्याऐवजी रुळांवर वर-खाली सरकणारे स्मिथ मशीन असते. म्हणजे आवाजाचा प्रश्न त्यांनी शिष्टाचाराने सोडविला नाही. आवाज करणारा माणूस आणि त्याचे साधन, दोन्ही दाराबाहेर ठेवून सोडविला. ज्या गावात दुसरी व्यायामशाळा नाही, तेथील वजनपटूने काय करावे, हे त्यात उरतेच.

मुळात हा आवाज येतो कोठून? जड वजन उचलण्यापूर्वी माणूस छाती भरून श्वास घेतो आणि घशाचे दार मिटून तो रोखून धरतो. त्यामुळे पोटातील दाब वाढतो, धड ताठ राहते आणि पाठीच्या कण्याला पुढून आधार मिळतो. या क्रियेला आन्तोनियो मारिया व्हाल्साल्वा (१६६६-१७२३) या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याने तिचे वर्णन केले ते मात्र कानाच्या संदर्भात. वजन अवघड टप्प्यावर आले, की रोखलेला हा श्वास अर्धवट मिटलेल्या स्वरतंतूंमधून वाट काढतो आणि त्याचाच हुंकार होतो. लाकडाच्या ओंडक्यावर कुऱ्हाड घालणाऱ्याच्या किंवा पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाच्या तोंडून निघणारा आवाज हाच. तेथे त्याला असभ्य म्हणण्याचे कोणाला सुचत नाही.

येथे प्रकृतीचा एक महत्त्वाचा मुद्दा आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८५ साली शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून वजन उचलतानाचा रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. एका व्यक्तीच्या बाबतीत तर ४८०/३५० च्याही पुढे. अव्वल स्नायू कमावलेल्या निरोगी तरुणांचे हे आकडे आहेत. उचलण्याचे श्रम आणि रोखलेला श्वास, दोहोंचा तो परिणाम. त्यामुळेच उच्च रक्तदाब असलेल्यांना सांगितले जाते, की वजन बेताचे घ्यावे, श्वास कोंडू नये आणि जोर लावताना तो बाहेर सोडावा. असा सोडलेला श्वास ऐकू येणारच. साठी गाठलेले गृहस्थ डंबेल उचलताना 'हूं' करीत असतील, तर ते डॉक्टरांचा सल्ला पाळत आहेत असे समजावे. उलट, लोक काय म्हणतील या संकोचाने तोंड घट्ट मिटून, चेहरा लालबुंद होईपर्यंत दम कोंडणारा शांत सदस्य अधिक धोका पत्करीत असतो. सरसकट 'आवाज करू नये' अशी पाटी लावणाऱ्या चालकांनी याचा विचार केलेला नसतो.

आवाजाने ताकद वाढते काय, याचीही तपासणी झाली आहे. मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस या संशोधकांचा १९६१ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पूर्ण जोर लावतानाच ओरडण्यास सांगितले असता हाताच्या स्नायूंचा जोर सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. टेनिसपटूंच्या २०१४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात हुंकारासह मारलेल्या फटक्यांचा वेग चार ते पाच टक्क्यांनी अधिक भरला. म्हणजे हुंकार हे सोंग नव्हे. परंतु त्याची दुसरी बाजूही टेनिसनेच दाखविली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चेंडू मारण्याच्या क्षणी आवाज ऐकविला असता, चेंडू कोणत्या दिशेने जाणार हे ओळखण्यास पाहणाऱ्यांना अधिक वेळ लागला आणि त्यांच्या चुकाही वाढल्या. १९९२ च्या विम्बल्डनमध्ये मोनिका सेलेसच्या हुंकारांविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांनी तक्रारी केल्या. अंतिम सामन्यात तिने आवाज आवरला आणि स्टेफी ग्राफकडून ती हरली. तेव्हा आवाज करणाऱ्याला त्याचा लाभ होतो, हे जितके खरे, तितकेच शेजारच्या माणसाचे लक्ष त्याने उडते, हेही खरे. शेजारच्या बाकावर कोणी साठ किलोंचा रॉड छातीवर तोलून धरला असेल, तर लक्ष उडणे ही किरकोळ बाब राहत नाही.

आता लोखंडाकडे वळू. वाद होतो तो बहुधा घशाच्या आवाजावरून. पण खरा उपद्रव असतो वजन आपटण्याचा. येथे दोन खेळांतील भेद जाणून घ्यावयास हवा. ऑलिंपिकमधील वेटलिफ्टिंगमध्ये वजन डोक्यावर नेले जाते आणि पंचांनी खूण केल्यावर ते खाली सोडण्याची मुभा असते; मात्र रॉड खांद्यांच्या पातळीखाली येईपर्यंत हात सोडता येत नाहीत. त्यासाठी चार मीटर लांबी-रुंदीचा खास चौथरा असतो आणि प्लेट रबराच्या असतात. ही मुभा चैनीची नव्हे. सांगलीच्या संकेत सरगरला २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात १३९ किलोंच्या प्रयत्नात उजव्या हाताला दुखापत झाली. एकूण २४८ किलो उचलून त्याने रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. तोल गेलेले असे वजन हळुवार खाली ठेवावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही.

पॉवरलिफ्टिंगची गोष्ट वेगळी. आपल्या व्यायामशाळांतून जी डेडलिफ्ट मारली जाते ती या खेळातली. तेथे रॉड दोन्ही हातांच्या ताब्यात ठेवूनच जमिनीवर टेकवावा लागतो. तो सोडून दिला तर उचल बाद ठरते. शंभर किलो कमरेपर्यंत उचलून ते धाडकन सोडणारा आणि मग आरशाकडे पाहणारा तरुण आपल्याच खेळाच्या नियमांनुसार नापास झालेला असतो. हे त्याला ट्रेनरने सांगितले पाहिजे, आणि बहुतेक ट्रेनर ते सांगत नाहीत. लोखंडी प्लेट फरशीवर आपटल्याने फरशी फुटते, रॉड वाकतो. डंबेल आपटल्याने त्याचे स्क्रू ढिले होतात आणि मग एखाद्या दिवशी प्लेट कोणाच्या तरी पायावर पडते.

जुन्या तालमीत या प्रश्नाचे काय होते? तालीम काही मुकी नव्हती. शड्डूचा आवाज, जोर-बैठकांचे फुत्कार, लढतीतली धपाधप, हे सारे तेथे होतेच. परंतु शड्डू हे आव्हान असते आणि उगाच शड्डू ठोकणाऱ्या पोराला वस्ताद लगेच एखादी जोड लावून देत. पुन्हा शड्डू ठोकताना तो दोनदा विचार करी! आवाजाला तेथे अर्थ होता आणि त्यावर एका माणसाची नजर होती. तालमीत येणारे सगळे एकाच वाटेवरचे, बहुधा एकाच पेठेतले, आणि पुरुषच. आजच्या जिममध्ये सकाळी सात वाजता स्पर्धेची तयारी करणारा मुलगा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर स्नायूंना बळ यावे म्हणून आलेल्या आजी, कचेरी गाठण्यापूर्वी ट्रेडमिलवर अर्धा तास चालणारी गृहस्थ मंडळी आणि नुकतीच डेडलिफ्ट शिकू लागलेली तरुणी असे सगळे एका छपराखाली असतात. प्रत्येकाने सारखीच फी भरलेली असते. वस्तादाची जागा रिकामी आहे आणि तिची भरपाई भिंतीवरच्या पाटीने होत नाही.

त्यातही स्त्रियांचा अनुभव दुहेरी आहे. चार-पाच मित्र एका बाकाभोवती जमून 'उठव, उठव, अजून एक' असा गलका करू लागले, की त्या भागातील सारी साधने इतरांसाठी जणू बंद होतात. स्त्रिया त्या बाजूला फिरकत नाहीत, नवखे पुरुषही नाहीत. आणि जड वजन उचलणाऱ्या स्त्रीने स्वतः हुंकार दिला, तर माना वळतात, हसू दाबले जाते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे वेटलिफ्टिंग २००० साली सुरू झाले आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक आणले. मीराबाई चानूने २०२१ साली टोकियोत रौप्य मिळविले. तरीही स्त्रीने श्रम करताना आवाज करू नये, ही समजूत सुटलेली नाही. पुरुषाच्या हुंकाराला परवानगी असेल तर ती स्त्रीच्या हुंकारालाही असली पाहिजे, एवढे तरी किमान मान्य व्हावे.

म्हणूनच 'आवाज' या एका शब्दात सारे कोंबण्यात अर्थ नाही. श्रमाचा हुंकार वजनाबरोबर येतो आणि वजनाबरोबर संपतो, तो सोसावा. वजन उचलण्याआधीपासून सुरू होणारी आणि खाली ठेवल्यावरही लांबणारी आरोळी ही प्रेक्षकांसाठी असते. तिला हरकत घेण्यास मुळीच संकोच करू नये. पाच किलोंच्या डंबेलला सिंहगर्जना लागत नाही, हे कळण्यास शरीरशास्त्र शिकावे लागत नाही. आणि चालकांनीही आपल्या कर्ण्यांकडे पाहावे. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही कानांना सोसेल अशी मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. अनेक जिममधील संगीत एवढे मोठे असते, की शेजारच्याशी बोलण्यासाठी ओरडावे लागते. त्या गोंगाटात एका माणसाच्या कण्हण्याची तक्रार येते, याचेच नवल वाटते.

आपल्या शहरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मुंबई-पुण्यात कितीतरी व्यायामशाळा निवासी इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर थाटलेल्या आहेत आणि त्या पहाटे पाचलाच उघडतात. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पण ही मर्यादा ठरावीक वेळेच्या सरासरीवर मोजली जाते. रॉड आपटल्याचा दणका क्षणभराचा असतो, तो सरासरीत विरून जातो. स्लॅबमधून खालच्या घरात मात्र नेमका पोहोचतो. खालच्या मजल्यावर झोपलेल्या लहान मुलाला सरासरी कळत नाही. येथे कायद्यापेक्षा जाड रबरी लाद्यांचा उपयोग अधिक. वजनाचा कोपरा खोलीच्या मध्यापासून दूर, खांब-तुळयांजवळ घ्यावा, तेथे लाकूड आणि रबर यांचा चौथरा करावा, आणि डेडलिफ्टसाठी सकाळी सातनंतरची वेळ ठरवून द्यावी. सोसायटीशी भांडण झाल्यावर हेच करावे लागते; ते आधी केलेले स्वस्त पडते.

राहिला प्रश्न सांगावे कसे याचा. वजन हातात असताना कोणालाही टोकू नये. तो सेट पुरा होऊ द्यावा. मग जवळ जाऊन 'दादा, रॉड जरा हळू टेकवाल का?' एवढे पुरते. बहुतेकांना आपला आवाज किती मोठा आहे, याची कानात इयरफोन असल्यामुळे कल्पनाच नसते. ऐकले नाही तर ट्रेनरला सांगावे, आणि ट्रेनरने ते सर्वांसमोर न बोलता त्या व्यक्तीला बाजूला घेऊन सांगावे. प्रवेश अर्ज भरून घेतानाच वजन कोठे टाकता येईल आणि कोठे नाही, हे दाखवून दिले, तर पुढचे बरेचसे बोलणे वाचते.